प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज आणि सृष्टीचे कोडे

आषाढीच्या वाटेवर मुक्कामाच्या गावी कीर्तन आटोपले की रात्री दोनचार मंडळी तंबूत येऊन बसतात. कोणी पाय चेपू म्हणते, कोणी शंका काढते. बऱ्याच वर्षांपूर्वी अशीच एक वृद्ध माउली येऊन बसली. वऱ्हाडातली होती, चांदूर बाजाराकडची. त्या रात्री निरूपणात आम्ही जग मिथ्या आहे, दोरीवर भासणाऱ्या सापासारखे आहे, हे मोठ्या आवेशाने सांगितले होते. पाठशाळेत घोकलेल्या पंक्ती जिभेवर होत्या, टाळकरी जोरात होते, मग काय विचारता! माउलीने सगळे ऐकून घेतले होते. तिने हळूच विचारले की बुवा, दिसते ते सारे खोटे, तर ज्याला डोळे भरून पाहायला मी एवढी पायपीट करते तो विटेवरचा तरी खरा का? तोही दिसतोच की.

आम्ही काहीबाही उत्तर दिले. ते आमचे आम्हांलाच पटले नाही, मग तिला काय पटणार? उठता उठता ती म्हणाली की आमच्याकडच्या आंधळ्या महाराजांनी यावर पुष्कळ लिहून ठेवले आहे म्हणतात, मला अक्षर येत नाही, तुम्ही वाचा. ते आंधळे महाराज म्हणजे श्रीगुलाबराव महाराज. त्यांचे नाव आम्ही ऐकून होतो, पण ग्रंथ उघडला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. ज्यांच्यामुळे तो उघडला त्या माउलीला मनोमन नमस्कार करून महाराजांचे चरित्र, विशेषतः त्यातला सृष्टिविचाराचा भाग, येथे सांगतो.

अमरावती जिल्ह्यातले माधान हे महाराजांचे गाव. मोहोडांचे कुणबी घराणे, वडील गोंदुजी, आई अलोकाबाई. जन्म आजोळी लोणी टाकळी येथे, शके १८०३ च्या आषाढ शुद्ध दशमीला, म्हणजे ६ जुलै १८८१ रोजी. एकादशीच्या आदल्या दिवशी जन्मलेले हे बाळ जेमतेम नऊ महिन्यांचे झाले आणि त्याची दृष्टी गेली. आम्ही हिशेब केला तर तो काळ १८८२ च्या एप्रिलच्या आसपासचा येतो. त्याच एप्रिलात तिकडे विलायतेत डार्विनसाहेब वारले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण पुढे याच आंधळ्या मुलाने त्या साहेबाच्या मताची झडती घेतली, म्हणून आम्हांला नवल वाटते इतकेच.

चौथ्या वर्षी आई गेली. मग आजोळी आजीजवळ काही वर्षे काढली. शाळा नाही, पाटी नाही, मुळाक्षरे गिरवणे नाही. आज आंधळ्यांसाठी ठिपक्यांची लिपी आहे, शाळा आहेत. त्या खेड्यात त्या काळी यातले काही नव्हते. जे कानावर पडेल तेवढीच विद्या. पण कान असा की एकदा पडलेले पुन्हा निसटत नसे. कोणाकडून तरी पोथी वाचवून घ्यायची, ती मनात साठवायची, रात्री त्यावर विचार करायचा, हा त्यांचा विद्याभ्यास. ज्याला वाचून दाखवणारा दुसरा लागतो त्याला ग्रंथ अर्धवट टाकून उठता येत नाही, की आवडले तेवढे पान उघडता येत नाही. दुसऱ्याच्या तोंडाने आलेले प्रत्येक मत, आपले असो वा परके, शेवटपर्यंत ऐकावेच लागते. महाराजांच्या पांडित्यात परपक्ष जो इतका प्रामाणिकपणे मांडलेला सापडतो त्याचे मूळ आम्हांला तरी यातच दिसते. आम्हां डोळसांना पूर्वपक्षाची पाने उलटून सिद्धांतावर उडी मारायची खोड असते.

रीतीप्रमाणे त्यांचा विवाह झाला, प्रपंच झाला. १९०१ साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास, आळंदीच्या माउलीने त्यांना दर्शन देऊन आपल्या नामाचा मंत्र दिला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. मुलगा नव्हे, कन्या! आणि ती कन्या श्रीकृष्णाला दिलेली. म्हणून कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र असा वेष त्यांनी घेतला. लोकांना हे चमत्कारिक वाटले असल्यास दोष देता येत नाही. वेदांतावर तासन् तास बोलणारा पुरुष आणि अंगावर सौभाग्यलेणे, हे दोन्ही एका ठिकाणी बसतात कसे, याचे उत्तर पुढे येईल.

आता सृष्टीच्या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. जग देवाने केले, झाले! पण शास्त्रात पाऊल टाकले की पायाखालची वाळू सरकते. उपनिषदे उघडावीत तर छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात सृष्टी तेज, जल आणि अन्न या तिघांपासून सुरू होते. तैत्तिरीयात आधी आकाश, मग वायू, मग तेज असा पाचांचा क्रम आहे. प्रश्नोपनिषदात रयी आणि प्राण ही जोडी येते. ऐतरेयात तर आधी लोकच निर्माण होतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले एकशे एकोणतिसावे सूक्त, अवघ्या सात ऋचांचे, ते तर हे सारे कोठून झाले हे वरच्या आकाशातल्या अध्यक्षाला तरी ठाऊक असेल की नसेल, अशी शंका ठेवूनच थांबते. श्रुतीच असे वेगवेगळे सांगते म्हटल्यावर भाविकाने धरायचे काय?

दर्शनकारांनी मग आपापली वाट काढली. नैयायिक म्हणाले, परमाणू नित्य आहेत. दोन मिळून द्व्यणुक, तीन द्व्यणुके मिळून त्र्यणुक, असे करत करत पृथ्वी होते आणि ईश्वर हा कुंभारासारखा निमित्तकारण. कार्य हे नवेच आरंभते, म्हणून हा आरंभवाद. सांख्य म्हणाले, नवे काही होत नाही. दुधाचे दही व्हावे तसे प्रकृतीचेच महत्, अहंकार करीत चोवीस तत्त्वे होतात, पुरुष पंचविसावा, तो नुसता साक्षी. आणि ईश्वराची तर गरजच नाही. हा परिणामवाद. वल्लभाचार्य म्हणाले, परिणाम खरा, पण ब्रह्माचा, आणि तोही विकार न होता, सोन्याचे कुंडल व्हावे तसा. मध्वाचार्यांनी जीव, जगत् आणि ईश्वर यांचे पाच भेद कायमचे खरे धरले. शंकराचार्यांचा विवर्तवाद म्हणजे ती दोरी आणि तो साप. त्यांचे परमगुरू गौडपाद आणखी पुढे गेले. त्यांच्या मते उत्पत्ती झालीच नाही, हा अजातवाद. शिवाय प्रकाशानंदांसारखे दृष्टिसृष्टिवादी आहेतच. त्यांच्या मते पाहणे हेच निर्माण करणे, पाहण्यापूर्वी पदार्थ नाही.

आमच्या पाठशाळेत एक विद्यार्थी या शेवटच्या वादाचा मोठा अभिमानी होता. लाकडे फोडायची पाळी आली की डोळे मिटून बसे आणि सांगे की मी पाहत नाही, तेव्हा लाकडे नाहीतच. गुरुजींनी त्या दिवशी त्याचे पान वाढू दिले नाही. त्याने पाहिल्यावर भाकरी होईल म्हणाले.

थट्टा सोडा, पण महाराजांच्या बाबतीत हाच वाद फार गंभीर होतो. वेदांताचे बहुतेक सगळे दृष्टान्त डोळसांचे आहेत. अंधुक उजेडात दोरी पाहिली आणि साप वाटला. शिंपल्यावर रुपे चमकले. आकाश निळे दिसले. आरशात तोंड दिसले. नवव्या महिन्यात ज्यांची दृष्टी गेली त्यांना यातले काय कळावे? त्यांना दोरीही दिसली नाही आणि सापही दिसला नाही. असा पुरुष भ्रमाची चर्चा करतो तेव्हा डोळ्यांचा भ्रम त्याच्या कामाचा नसतो. भ्रम म्हणजे काय याचे मूळच त्याला शोधावे लागते. आम्ही त्यांचे विवेचन वाचताना पुनःपुन्हा थबकलो ते यामुळेच. आमचा विवर्त उदाहरणावर उभा होता, त्यांचा विचारावर.

या सर्व वादांत महाराजांनी सिद्धांत म्हणून आचार्यांचा अद्वैतपक्ष धरला, पण इतरांना खोट्यात काढले नाही. ज्याची जेवढी पायरी तेवढा त्याचा वाद. मडके आणि कुंभार यापलीकडे ज्याची बुद्धी जात नाही त्याला आरंभवाद पथ्याचा. कारणात कार्य असतेच हे उमगले त्याला परिणामवाद. कारण बदलले नाही तरी कार्य भासू शकते हे ज्याला पेलते त्याला विवर्त. आचार्यांनीही ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात श्रुतींच्या सृष्टिक्रमातल्या विरोधाचा असाच निकाल लावला आहे. श्रुतीला सृष्टीचा इतिहास सांगायचा नाही, सृष्टीच्या निमित्ताने ब्रह्म दाखवायचे आहे. मग तेज आधी की आकाश आधी यावर डोकी फोडून घेण्यात अर्थ नाही. सर्व धर्मांचा, सर्व मतांचा मेळ कसा लागतो, हा महाराजांच्या लेखनाचा एक मोठा विषय आहे.

येथवर ठीक. पण आपल्या सांप्रदायिकांपुढे याहून अवघड गाठ आहे आणि ती खुद्द आळंदीची आहे. ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात अश्वत्थवृक्षाच्या वर्णनात माउली माया, अज्ञान ही भाषा वापरतात. अमृतानुभवात मात्र त्याच अज्ञानाचे खंडन मांडतात, आणि तेही जाता जाता नव्हे. दहा प्रकरणांतले सातवे, सर्वांत मोठे, त्यालाच दिले आहे. अज्ञान नाहीच, तर त्या अज्ञानाने भासणारा विवर्त राहिला कुठे? जग हे मग चैतन्याचा विलास ठरते. पुढे विसाव्या शतकात विद्वानांत यावर मोठे वाद झाले. माउली मायावादी की चिद्विलासवादी, शांकर की नाथपंथी शैव, यावर पुस्तकेच्या पुस्तके निघाली. फडाफडांतही ही धुसफूस आहे. आम्ही तर असे कीर्तनकार पाहिले आहेत की यजमान कोणत्या पक्षाचा हे पाहून वाद बदलतात!

महाराज या प्रश्नाकडे वादीप्रतिवादी म्हणून पाहत नाहीत. ज्ञानेश्वर त्यांचे जनक, आणि आचार्यांविषयी त्यांची निष्ठाही तितकीच. त्या दोघांची भाषा वेगळी, पण सिद्धांतात विरोध नाही, असा त्यांचा निर्णय आहे. आम्ही तो असा समजलो. मुलाला बागुलबुवाची भीती वाटते तेव्हा एक जण म्हणतो की बागुलबुवा म्हणजे अंधाराचा भास; दुसरा म्हणतो की अरे, बागुलबुवा मुळी नाहीच, त्याचा भास तरी कसला? पहिल्याने भ्यालेल्या मुलाची बाजू घेऊन सांगितले, दुसऱ्याने जागेपणी पाहून सांगितले. अमृतानुभव हे जागेपणीचे बोलणे आहे. गौडपादांच्या अजातवादाशी त्याचे नाते लागते. आमचे स्वतःचे मन विचाराल तर या समन्वयाने शंका सगळी फिटत नाही. माउलीचा विलास हा शब्द इतका भरगच्च, इतका आनंदाचा आहे की त्याला नुसता अजात म्हणून मिटवणे जिवावर येते. पण महाराजांनी त्यापुढचे पाऊल टाकले आहे, आणि ते फार मोठे आहे.

ते सांगण्याआधी साहेबांचा निकाल लावू. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. स्पेन्सरने १८६२ पासून आपली तत्त्वज्ञानमाला काढली. सारे विश्व एकजिनसी अवस्थेतून विविधतेकडे उलगडत जाते आणि त्यामागचे तत्त्व अज्ञेय आहे, हे स्पेन्सरचे सार. शिकलेल्या तरुणांना त्या काळी या मतांनी झपाटले होते. पुराणातली सृष्टी त्यांना पोरखेळ वाटे. माधानच्या या अंध महाराजांनी ती मते दुसऱ्यांकडून समजावून घेतली आणि त्यांची चिकित्सा केली. आमच्या शास्त्री लोकांत त्या वेळी असे करणारे फार थोडे. बहुतेकांनी कान झाकून घेतले होते. सांख्यांची गुणसाम्यातून वैषम्याकडे जाणारी प्रकृती ज्याच्या परिचयाची आहे त्याला स्पेन्सर अगदीच परका वाटत नाही. आणि सांख्यांना जो प्रश्न विचारायचा तोच त्यालाही विचारता येतो, की जडाची ही सगळी हालचाल जाणणारा जो कोणी आहे तो या हालचालीतून कसा निघाला?

महाराजांनी उत्क्रांतिमत जसेच्या तसे पत्करले नाही. येथे आमचे मत सांगणे भाग आहे. प्राणिमात्रांची शरीरे कालक्रमाने एकापासून एक कशी बदलत आली, याचे पुरावे महाराजांच्या पश्चात शंभर वर्षांत फार साठले आहेत. दगडात सापडलेले सांगाडे आहेत, बीजातल्या अनुवंशाचे ज्ञान आहे. कीर्तनाच्या गादीवर उभे राहून त्याला खोटे म्हणण्यात शोभा नाही. शरीर कसे घडले हा प्राणिशास्त्राचा प्रश्न. हे सर्व ज्याला कळते तो कोण, हा वेदांताचा. महाराजांच्या वेळी हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते, तेव्हा त्यांच्या त्या काळच्या सगळ्याच युक्तिवादांना आज चिकटून राहावे असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी परक्याचे मत पुरते ऐकून मग उत्तर दिले, तेवढे घेण्यासारखे खचित आहे.

आता ते मोठे पाऊल. त्यांच्या विचाराला मधुराद्वैत असे नाव आहे. सामान्य वेदांती म्हणतो, भक्ती ही ज्ञानाची शिडी. वर चढलो की शिडी काढून टाकायची. महाराज म्हणतात तसे नाही. ज्ञान झाल्यावरच खरी भक्ती सुरू होते. अज्ञानाचे द्वैत बांधून टाकते, कारण ते न कळता झालेले असते. ज्ञात्याचे द्वैत जाणूनबुजून, प्रेमासाठी धरलेले. ते बांधत नाही. मधुसूदन सरस्वतींनी अद्वैतसिद्धीसारखा कर्कश ग्रंथ लिहूनही भक्तिरसायन लिहिले, ती ही वाट. अमृतानुभवाच्या नवव्या प्रकरणात माउलींनी जी सहज घडणारी भक्ती सांगितली ती हीच. ब्रह्मसूत्रांत सृष्टीचे प्रयोजन लीला असे सांगितले आहे. ज्याला काही मिळवायचे नाही तो खेळतो. महाराजांना त्या खेळाचे कारण नको होते, त्यात गोपी होऊन उतरायचे होते. कपाळीचे कुंकू आणि वेदांत यांची सांगड येथे बसते.

आणि माउलीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच लागते. दोरीवरचा साप दिसतो तो दोरी न ओळखल्यामुळे. त्या सापाला आपण काही करा म्हटले तर तो काही करीत नाही, आणि दिवा आणला की जातो. विटेवरचे रूप तसे नाही. जीव देहात येतो तो कर्माने ओढला जाऊन. भगवान रूप घेतो तो मायेला मुठीत ठेवून, भक्तासाठी, आपखुशीने. आचार्यांनी गीताभाष्याच्या आरंभीच हा भेद केला आहे, आम्ही तो शेकडो वेळा वाचला होता. ज्ञानाचा दिवा लावला म्हणून पांडुरंग जात नाही. उलट तेव्हाच नीट ओळखू येतो. शिवाय ज्यांनी हे सांगितले त्या महाराजांना पंढरीची मूर्ती चर्मचक्षूंनी दिसलीच नव्हती. दिसणे गेले तरी देव गेला नाही, याला त्यांच्याहून मोठा साक्षीदार कोण आणायचा?

हे आम्हांला समजायला वर्ष गेले. पुढच्या आषाढीला आम्ही त्या माउलीला शोधले. त्यांच्या दिंडीत चौकशी केली. यंदा आल्या नाहीत, एवढेच कळले.

महाराजांचे लेखन म्हणजे सांगणे. एक बोलणार, लेखनिक उतरून घेणार. मराठी, संस्कृत, हिंदी अशा भाषांत त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ सांगितले. ओवीबद्ध संप्रदायसुरतरू, गोपीप्रेमावरचा प्रेमनिकुंज, मनाच्या रोगांवरचा मानसायुर्वेद, असा त्यांचा पसारा आहे. नावंग नावाची एक स्वतंत्र भाषाच त्यांनी रचली होती. ज्याने एक अक्षर डोळ्यांनी पाहिले नाही त्याने भाषा आणि लिपी यांचे असे खेळ करावेत, याला काय म्हणावे? सगळेच ग्रंथ सोपे नाहीत. काही ठिकाणी वाक्य तीनदा वाचल्यावाचून गाठ सुटत नाही; नवख्याने प्रेमनिकुंजापासून सुरुवात केलेली बरी, असे आमचे सांगणे आहे.

शके १८३७ च्या भाद्रपद शुद्ध द्वादशीला, २० सप्टेंबर १९१५ रोजी, पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघे चौतीस. त्यांच्या मागे नागपूरचे बाबाजी महाराज पंडित या त्यांच्या शिष्योत्तमांनी ते लेखन सांभाळले आणि छापून बाहेर आणले. सूक्तिरत्नावलीच्या नावाने त्याचे अनेक भाग निघाले. आमच्याजवळचा भाग एका जुन्या बाजारात मिळालेला आहे. त्याच्या पहिल्या पानावर कोणीतरी शाईने चांदूर बाजार असे लिहिले आहे, खाली नाव नाही.